पाइनचा वाकडा शेंडा कसा वाचावा : शेंडे पोखरणाऱ्या पतंगाची पहिली ओळख

पाइनच्या तरुण लागवडीतून चालताना एखादं झाड डोळ्यांना खटकतं. खोड कमरेपर्यंत सरळ आलेलं असतं, मग ते एकदम बाजूला कलतं, जरासं खाली झुकतं आणि पुन्हा वळण घेऊन वर जातं. जुन्या काळी युरोपात टपालगाडीवाला पितळेचं वळणदार शिंग फुंकायचा. त्या आकारावरून तिकडचे वनकर्मी अशा खोडाला ‘टपालशिंग’ म्हणत आले आहेत. बघणाऱ्याच्या मनात आधी वारा येतो, बर्फाचं ओझं येतं, जनावरांनी केलेली मोडतोड येते. पण हे वळण घडवायला एक अळी पुरते, आणि ती पूर्ण वाढली तरी जेमतेम दीड सेंटिमीटर लांब असते.

तिचं शास्त्रीय नाव रायासिओनिया बुओलियाना. या लेखात मी तिच्या पतंगाला सरळ ‘शेंडेपतंग’ म्हणणार आहे, कारण त्याचा सगळा संसार पाइनच्या शेंड्यात चालतो. डेनिस आणि शिफरम्युलर या दोघांनी १७७५ साली व्हिएन्ना परिसरातल्या पतंगांची नोंद करताना या जातीला नाव दिलं. पानं गुंडाळणाऱ्या अळ्यांचं जे मोठं कुळ आहे, टॉर्ट्रिसिडी, त्यातला हा एक. मूळचा युरोपातला. १९१४ साली तो अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सापडला आणि तिथून उत्तर अमेरिकेच्या पाइन लागवडींत पसरला. १९८५ साली दक्षिण चिलीत दिसला, आणि तिथे तर रेडिएटा पाइनची प्रचंड लागवड त्याची वाटच पाहत होती.

हा कीटक शिकायला सुरुवात करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असं की पतंगाच्या मागे धावू नका. तो वर्षातून काही आठवडेच दिसतो, तोही संधिप्रकाशात. शेंडा मात्र वर्षभर समोर उभा असतो, आणि त्याच्यावर अळीने काय केलं ते तपशीलवार लिहिलेलं असतं. तो वाचता आला की अर्धं काम झालं.

आधी वर्षाचा क्रम डोक्यात बसवा

पुढच्या सगळ्या पायऱ्या या क्रमावर उभ्या आहेत, म्हणून हा भाग सावकाश वाचा. महिने उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशाचे आहेत. चिलीसारख्या दक्षिणेकडच्या देशात ते सहा महिन्यांनी पुढे सरकवून घ्यायचे.

जून ते ऑगस्टच्या दरम्यान पतंग उडतात. मादी सुयांच्या, म्हणजे पाइनच्या सुईसारख्या पानांच्या, बुडाशी, तिथल्या पातळ वेष्टणावर (म्यानावर) किंवा डोळ्यांवर चपटी, बारीक अंडी घालते. कधी एकेकटी, कधी थोडी मिळून. डोळा म्हणजे पुढच्या वर्षीचा कोंब ज्यातून निघणार ती मिटलेली कळी. द्राक्षबागेत हाच शब्द चालतो आणि इथेही तो चपखल बसतो. साधारण दोन आठवड्यांत अंड्यातून अळी निघते. ती लगेच डोळ्यात शिरत नाही. आधी ती सुई आणि कोंब यांच्या बेचक्यात रेशमाचं बारीकसं जाळं विणते आणि सुईच्या बुडाला भोक पाडून आतून खाते. उन्हाळा सरताना ती डोळ्यांकडे वळते. एखादा डोळा पोखरते, त्याच्यावर रेशमाचा मांडव घालते, त्या मांडवावर झाडाची राळ येऊन थापली जाते, आणि त्या राळेच्या छपराखाली ती हिवाळा काढते.

वसंतात झाड जागं झालं की अळीही जागी होते. आता तिची भूक वेगळी असते. ती जुना डोळा सोडून नव्या, फुगलेल्या डोळ्याकडे किंवा लांबत चाललेल्या कोंबाकडे जाते, तिथे पुन्हा मांडव घालते आणि आतला गाभा खाऊन कोंब पोकळ करते. खरं नुकसान या काही आठवड्यांत होतं. मग त्याच पोकळीत ती कोश करते आणि दोन-तीन आठवड्यांनी पतंग बाहेर पडतो. वर्षाला एकच पिढी. या एका गोष्टीमुळे शेंडेपतंगाचा अभ्यास नवशिक्याला सोपा जातो. कोणत्या महिन्यात कोणती अवस्था मिळणार हे आधीच सांगता येतं.

पहिली पायरी : झाड निवडणं

पाइनच्या सुया सुट्या नसतात. त्या दोन, तीन किंवा पाचच्या जुडीत येतात आणि प्रत्येक जुडीच्या बुडाशी कागदासारखं पातळ म्यान असतं. एक जुडी उपटा आणि मोजा. शेंडेपतंगाला दोन सुयांच्या जाती विशेष आवडतात : स्कॉट्स पाइन, बुटका म्युगो पाइन, उत्तर अमेरिकेतला रेड पाइन. रेडिएटा तीन सुयांचा, तरी चिलीत तोच सर्वांत जास्त सोसतो. पाच सुयांच्या व्हाइट पाइनवर वेळ घालवू नका.

झाडाचं वय महत्त्वाचं. माणसाच्या उंचीच्या आसपासची, मोकळ्यावर उभी, उन्हात न्हालेली झाडं आधी बघा. झाडं वाढून त्यांच्या फांद्या एकमेकांना भिडल्या, खाली सावली पडली, की कीड हळूहळू मागे हटते. हलक्या, कोरड्या जमिनीवर धडपडणारी झाडं जास्त बळी पडतात. त्यामुळे लागवडीच्या मध्यभागी जाण्याआधी कडेची आणि उजाड उंचवट्यावरची झाडं बघून घ्यावीत.

दुसरी पायरी : दिवस निवडणं

सुरुवात करायला सर्वांत चांगला काळ कोणता असं मला विचारलं तर मी एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य सांगेन. कोंब लांबायला लागलेले असतात, निरोगी आणि आजारी यांतला फरक लांबूनच दिसतो, आणि अळी हमखास आत असते. हिवाळ्यातही राळेचे मांडव दिसतात, पण तेव्हा अळी इतकी लहान असते की नवख्याला डोळा उघडूनही ती सापडत नाही. जुलैनंतर शेंडे रिकामे झालेले असतात.

सूर्य तिरपा असताना जा, सकाळी किंवा दुपार कलल्यावर. ताजी राळ तिरप्या उजेडात चमकते. डोक्यावरच्या उन्हात सगळं झाडच चमकत असतं आणि काही उमजत नाही.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, धारदार चाकू, पातळ चिमटा, काही झाकणाच्या डब्या, पेन्सिल आणि वही घ्या. पेन नको, राळेच्या हातांनी ते चालेनासं होतं. आणि थोडं खाण्याचं तेल घ्या. राळ पाण्याने जात नाही. आधी तेल चोळायचं, पुसायचं, मग साबण.

तिसरी पायरी : डोळा जवळून बघणं

झाडासमोर उभं राहिल्यावर लगेच फांदी हातात घेऊ नका. आधी दोन पावलं मागे या आणि झाडाच्या टोकाकडे बघा. वसंतातला निरोगी पाइन मेणबत्त्या लावल्यासारखा दिसतो. मधला कोंब सगळ्यांत उंच, भोवती चार-पाच थोडे आखूड, सगळे ताठ. त्यात एखादा कोंब आखूड राहिलेला, पिवळट, मान टाकलेला दिसला की तो तुमचा.

आता जवळ जा. कोंबाच्या बुडाशी, किंवा दोन डोळ्यांच्या मधल्या खाचेत, पांढरट राळेचा पापुद्रा दिसेल. भिंग लावलं की कळतं की ही नुसती गळलेली राळ नाही. झाडाला जखम झाली तर राळ थेंबाने ओघळते, गोल होते, खाली घरंगळते. इथे ती एका पडद्यावर पसरलेली असते. पडद्याचं एक टोक डोळ्याला आणि दुसरं शेजारच्या सुईला किंवा डोळ्याला बांधलेलं असतं, आणि राळ पातळ असेल तिथे खालचे रेशमाचे धागे दिसतात. हाच तो मांडव. त्याच्या कडेला लाकडाच्या भुश्यासारखी तपकिरी विष्ठा चिकटलेली असते. रेशीम, राळ आणि विष्ठा ही तीन एकत्र दिसली तर तुम्ही योग्य जागी आहात. नुसती राळ दिसली तर थांबा आणि पाचवी पायरी वाचा.

राळ ताजी की जुनी हेही बघायला शिका. ताजी राळ चिकट, ओलसर, अर्धपारदर्शक असते आणि तिला तीव्र वास येतो. जुनी राळ पांढरी, खडूसारखी कोरडी होते, नखाने टोकरली तर भुगा पडतो. सुरुवातीला मला हा फरक कुणी सांगितला नव्हता. एक अख्खी सकाळ मी गेल्या वर्षीचे रिकामे मांडव उघडत बसलो होतो आणि या झाडांवर कीडच नाही असं वहीत लिहून आलो. दुसऱ्या दिवशी त्याच झाडावर, जुन्या पापुद्र्यापासून चार बोटांवर, ताजा मांडव मिळाला.

चौथी पायरी : डोळा उघडणं

कोंब मांडवाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली कापा. आडवा चिरू नका, त्यात अळीही चिरली जाते. कोंब डाव्या हाताच्या बोटांत धरा, चाकूचं टोक उभ्या रेषेत हलकेच फिरवा आणि शेंग सोलतो तसा दोन बाजूंना उकला.

आत बोगदा दिसेल. त्याच्या भिंती तपकिरी, कडेला विष्ठेचे दाणे, आणि बऱ्याचदा रेशमाचं पातळ अस्तर. अळी बहुधा बोगद्याच्या आतल्या टोकाला असते. उजेड लागला की ती उलटी सरकते, डोकं पुढे ठेवून मागे मागे, आणि चिमटा लावला तर अंग झटकते. डोकं काळं आणि चकचकीत, त्याच्या लगेच मागे मानेवर तशीच काळी ढाल, बाकी शरीर तपकिरी. छातीशी तीन जोड्या खरे पाय आणि पोटाखाली मांसल पाय भिंगातून नीट दिसतात. पोटाला मांसल पाय अजिबात नसतील तर ती पतंगाची अळी नव्हे.

आणखी उशिरा गेलात, मे संपता संपता किंवा जूनच्या सुरुवातीला, तर अळीच्या जागी तपकिरी कोश मिळेल. तळहातावर घेतला तर तो पोटाचा भाग गोल गोल फिरवतो. त्याच्या पाठीवर बारीक काट्यांच्या आडव्या रांगा असतात. पतंग निघायच्या वेळी कोश या काट्यांच्या आधारानेच पुढे सरकतो आणि राळेचा पापुद्रा फोडून अर्धा बाहेर येतो. म्हणून पतंग उडून गेल्यावरही शेंड्यातून अर्धवट बाहेर आलेली कोशाची रिकामी साल बरेच दिवस दिसते. ही साल म्हणजे नवशिक्यासाठी सर्वांत पक्का पुरावा. या कोंबातून पतंग खरोखर निघाला, आतच मेला नाही, हे ती सांगते.

उघडलेल्या प्रत्येक कोंबाची नोंद करा : तारीख, झाडाची जात, झाडाची अंदाजे उंची, मधला शेंडा की बाजूचा, आत काय मिळालं. ‘आत काही नाही’ हीदेखील नोंदच आहे. ती वगळलीत तर पुढे तुमचे आकडे खोटं बोलतील.

पाचवी पायरी : सारखे दिसणारे वेगळे काढणं

वाळलेला शेंडा म्हणजे शेंडेपतंग असं नव्हे, आणि चुका सर्वांत जास्त इथेच होतात.

कोंब तपकिरी झालाय, सुया आखूडच राहिल्यात, थोडी राळही आहे, पण चिरला तर बोगदाच नाही. सुयांच्या बुडाशी, म्यानाच्या आत, काळे बारीक ठिपके शोधा. ते असतील तर हे डिप्लोडिया बुरशीचं काम. पतंगाचा काही संबंध नाही आणि कीटकनाशकाने बुरशी जात नाही.

कोंब पोकळ आहे, भोक गोल आणि नीटस आहे, पण रेशमाचा धागाही नाही, आणि हिरवे कोंब तुटून झाडाखाली पडलेत. हा टोमिकस नावाचा भुंगेरा. तो उन्हाळ्यात कोंबाच्या मध्यातून वर चढत खातो, आणि पोकळ झालेला कोंब वाऱ्याने मोडतो. खाली पडलेला कोंब उचलून चिरला तर कधी कधी काळसर भुंगेरा आतच सापडतो.

स्कॉट्स पाइनच्या फांदीला राळेची गोल गाठ आलीय, वाटाण्यापासून चेरीएवढी किंवा त्याहून मोठी, आणि आतून ती पोकळ आहे. ही रेटिनिया रेझिनेला या शेंडेपतंगाच्या नातेवाइकाची खोली. त्याचं जीवनचक्र दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी गाठ लहान असते, दुसऱ्या वर्षी मोठी होते. झाडाचं त्याने फारसं बिघडत नाही. एक गाठ जरूर उघडून बघा. राळेचा इतका सुबक उपयोग करणारा कीटक मी दुसरा पाहिलेला नाही. आतली भिंत गुळगुळीत असते, आणि बाहेरच्या चिकट गोळ्यात अळी मात्र कोरडी बसलेली असते.

डोळा वसंतात उमललाच नाही, जागच्या जागी पोकळ होऊन राहिला, आणि शेजारचे सगळे धडधाकट आहेत, तर युरोपात ब्लास्टेस्थिया ट्युरिओनेला या दुसऱ्या लहान पतंगाचा संशय घ्यावा. त्याची अळी एकाच डोळ्यात राहते.

अमेरिकेच्या आग्नेय भागात असाल तर रायासिओनिया फ्रुस्ट्राना समोर येईल. तो शेंडेपतंगाचाच भाऊबंद, पण त्याहून लहान, लॉबलॉली पाइनवर जगणारा आणि वर्षाला अनेक पिढ्या काढणारा. त्यामुळे वर दिलेला महिन्यांचा क्रम त्याला लागू पडत नाही. युरोपात रायासिओनिया पिनिकोलाना हा आणखी एक जवळचा नातेवाईक आहे. दोघांचे पतंग इतके सारखे की नुसत्या फोटोवरून खात्री देता येत नाही, जननांगांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. अशा वेळी वहीत ‘रायासिओनिया, जात अनिश्चित’ असं लिहावं. अनिश्चित नोंद उपयोगी असते. खात्रीने लिहिलेली चुकीची नोंद पुढच्या प्रत्येक वाचकाची दिशाभूल करते.

सहावी पायरी : वळणावरून वर्ष काढणं

मला या विषयाची गोडी लागली ती इथे.

स्कॉट्स पाइन आणि रेड पाइन ही झाडं वर्षाला साधारण एकच घेर फांद्या काढतात. म्हणजे खोडावर फांद्यांचा एक घेर, मग नुसतं खोड, मग पुढचा घेर. दोन घेरांमधलं अंतर ही एका वर्षाची वाढ. हिवाळ्यात झाडापुढे उभं राहून टोकापासून खाली मोजत या. सर्वांत वरचा तुकडा, टोकापासून पहिल्या घेरापर्यंतचा, हा सरलेल्या मोसमाचा. त्याखालचा त्याच्या आदल्या वर्षीचा. वळण ज्या तुकड्यात सुरू होतं, त्या वर्षीच्या वसंतात अळी तिथे होती.

वळण पडतं कसं? अळी लांबत्या कोंबाच्या एका बाजूने गाभा खाते. कोंब त्या बाजूला कमकुवत होऊन मान टाकतो. पण तो मेला नाही तर टोक पुन्हा उजेडाच्या दिशेने वर वळतं, आणि पुढच्या वर्षांचं लाकूड त्या वाकलेल्या आकारावरच चढत जातं. खोड जाड झालं की वळण मवाळ दिसतं, पण आतलं लाकूड वाकडंच राहतं. कापणीला आलेल्या लाकडाची किंमत त्याने उतरते. मधला शेंडा पुरता मेला तर बाजूची एखादी फांदी वर उठून त्याची जागा घेते, आणि कधी दोन फांद्या एकदमच उठल्या तर खोडाला दुबेळकं फुटतं. टोकाचे सगळेच डोळे गेले तर सुयांच्या जुड्यांमधून नवे डोळे फुटतात आणि टोकाला झाडूसारखा झुबका येतो. वर्षामागून वर्षं हल्ला होत राहिला तर झाड झुडूपच होऊन बसतं.

एका रांगेतल्या वीस-पंचवीस झाडांवर हे मोजून वर्षवार मांडलंत तर कीड कोणत्या वर्षी चढली आणि कोणत्या वर्षी उतरली याचा इतिहास समोर येतो. तेव्हा तिथे कुणी काहीही नोंदवून ठेवलेलं नसलं तरी. रेडिएटावर मात्र हे मोजमाप करू नका. तो एका वर्षात अनेक घेर काढतो.

सातवी पायरी : पतंग निघताना बघणं

मेच्या उत्तरार्धात ताजा मांडव असलेले पाच-सहा कोंब बोटभर लांब देठासह कापून आणा. काचेच्या रुंद बरणीत तळाला दोन बोटं ओलसर वाळू घाला, कोंब तिच्यात खोचा, तोंडाला विरळ कापड बांधा. बरणी सावलीत ठेवा. मी पहिल्यांदा घट्ट झाकण लावलं होतं. तीन दिवसांत काचेवर पाणी साचलं, आठवड्यात बुरशी धरली आणि एकही कोश वाचला नाही. कापडच हवं. प्रत्येक बरणीवर तारखेची आणि झाडाची चिठ्ठी लावा.

पतंग निघाला की थोडा वेळ शांतपणे बघा. मिटलेल्या पंखांचा तो नखाएवढा दिसतो. पंख पसरले तर १६ ते २४ मिलिमीटर. पुढचे पंख गंजलेल्या लोखंडाच्या किंवा गडद नारिंगी रंगाचे, त्यांवर चांदीसारख्या पांढऱ्या वाकड्या आडव्या रेघा. मागचे पंख साधे, करडे-तपकिरी. बरणीत तो भडक वाटतो. झाडावर, नारिंगी-तपकिरी म्यानांमध्ये आणि राळेच्या चकाकीत बसला की तोच रंग त्याला असा लपवतो की हातभर अंतरावरून चुकतो.

आणि बरणीतून पतंगाऐवजी एखादी बारीक, लांब मिशांची गांधीलमाशी निघाली, तर निराश होऊ नका. ती परोपजीवी. अळी लहान असतानाच तिच्या आईने अळीच्या अंगात अंडं घातलेलं असतं. तिची नोंद पतंगाइतक्याच काळजीने करा. पुढचा निर्णय बऱ्याच अंशी तिच्यावर ठरतो.

एक नियम इथे मोडायचा नाही. जिवंत कोंब एका भागातून दुसऱ्या भागात नेऊ नका. लाँग आयलंडवर हा पतंग स्वतः समुद्र ओलांडून आला नाही, माणसाने आणलेल्या रोपांतून आला. काम संपल्यावर कोंब पिशवीत बांधून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मगच टाका.

आठवी पायरी : काही करायचं का, आणि केव्हा

पतंग त्याच्या मूळ मुलखात असेल, झाडं मिसळलेली असतील आणि चार-दोन शेंडे गेले असतील, तर काही करू नका. झाड सावरतं. शोभेच्या झाडावर, रोपवाटिकेत किंवा लाकडासाठीच्या लहान वयाच्या लागवडीत प्रश्न वेगळा, कारण तिथे मधला शेंडा म्हणजेच सगळं काही.

हाताने छाटणी हा लहान क्षेत्रासाठी सर्वांत खात्रीचा उपाय आहे. वेळ महत्त्वाची : मांडव दिसू लागल्यापासून पतंग निघायच्या आधीपर्यंत, म्हणजे साधारण मे संपायच्या आत. बोगदा संपून पांढरं निरोगी लाकूड लागेल तिथपर्यंत कापा. कापलेले कोंब झाडाखाली टाकले तर कोश जमिनीवरही पूर्ण होतो आणि पतंग उडून जातो, म्हणून ते गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. मधला शेंडा कापावा लागला तर बाजूचा एक सशक्त कोंब निवडा आणि त्याच्या बरोबरीचे आखूड करा. त्यामुळे दुबेळकं टळतं.

फवारणीबद्दल स्पष्ट सांगतो. अळी एकदा डोळ्यात शिरली आणि वर राळेचं छप्पर आलं की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. वाळलेले शेंडे बघून मेमध्ये केलेली फवारणी वाया जाते आणि वर परोपजीवी माश्या मारते. फवारायचंच असेल तर अंड्यातून नुकती निघालेली, सुयांच्या बुडाशी उघड्यावर हिंडणारी अळी हेच लक्ष्य, आणि ती संधी थोड्या दिवसांची असते. ते दिवस पकडायला कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधाने नरांना ओढून घेणारा सापळा, लावतात. या जातीच्या मादीचा मुख्य गंध ई-९-डोडेसेनिल ॲसिटेट हा आहे. त्याची गोळी घातलेला चिकट सापळा मे अखेरीस झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागात टांगा आणि एक दिवसाआड बघा. पहिले नर अडकले त्या तारखेपासून दिवस मोजायला सुरुवात करा. सापळा ‘केव्हा’ हे चांगलं सांगतो. ‘किती’ हे मात्र शेंडे मोजूनच ठरवा, नुसत्या अडकलेल्या नरांवरून नुकसानीचा अंदाज बांधू नका.

थंडीही काम करते. हिवाळ्यात पारा उणे २८ अंश सेल्सियसच्या आसपास गेला तर डोळ्यांतल्या अळ्या मोठ्या प्रमाणावर मरतात. उत्तर अमेरिकेत या पतंगाचा उत्तरेकडचा पसारा त्यामुळेच रोखला गेला. पण बर्फाखाली गाडल्या गेलेल्या फांद्यांवरच्या अळ्या वाचतात, बर्फ त्यांच्यावर गोधडीसारखा पसरलेला असतो. म्हणून कडाक्याच्या हिवाळ्यानंतर वरचे शेंडे बघून निश्चिंत होऊ नका. गुडघे टेकून जमिनीलगतच्या फांद्या तपासा.

परोपजीवींमध्ये ऑर्गिलस ऑब्स्क्युरेटर ही गांधीलमाशी सर्वांत उपयोगी ठरली. मूळची युरोपातली. ती उत्तर अमेरिकेत आणि पुढे चिलीतही मुद्दाम आणून सोडली गेली, आणि चिलीच्या रेडिएटा लागवडींत कीड आटोक्यात आणण्यात तिचा मोठा वाटा आहे. तिचं अंडं कोवळ्या अळीत पडतं, अळी हिवाळा काढते, वसंतात खातेही, आणि वाढ पुरी होत आली की आतून संपते. म्हणजे त्या वर्षीचा शेंडा वाचत नाही, पुढच्या वर्षीचे वाचतात. एका मोसमात फरक दिसला नाही म्हणून तिला निकामी ठरवू नका.

या माशीला स्वतःच्या पोटासाठी फुलं लागतात. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या अभ्यासांत दिसलं की रानगाजरासारख्या फुलांचा मध मिळाला की ती जास्त दिवस जगते. म्हणून पाइनच्या ओळींमधलं सगळं तण जमिनीलगत साफ करण्याची सवय असेल, तर पतंग उडतात त्या आठवड्यांत तरी हात आवरा. रोपांना झाकोळणारं तेवढं काढा, फुलावर आलेलं राहू द्या. पुढच्या मेमध्ये पुन्हा त्याच झाडांचे कोंब आणून बरणीत खोचा, आणि किती पतंग निघाले, किती माश्या निघाल्या ते मागच्या वर्षीच्या नोंदीशेजारी लिहा.